हातावरच्या अकरा जागा

नात्सारेनो, घरच्यांचा नेनो, नऊ वर्षांचा होता तेव्हा मेंदूज्वराने त्याचे डोळे आणि कान एकाच आठवड्यात नेले. जीभ तेवढी ठेवली. आणि ती अशी ठेवली की गावातले लोक म्हणायचे, देवाने याची दोन दारं बंद केली आणि तिसऱ्याला कडी लावायला विसरला. सकाळच्या कॉफीपासून तो जो सुरू व्हायचा तो झोप लागेपर्यंत. आवाज सपाट आणि मोठा, स्वतःचाच आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचा. बोलणं मात्र खोचक. त्याच्या तडाख्यातून ना पाद्री सुटायचा, ना औषधवाला.

त्याला उत्तर द्यायचं ते त्याच्या डाव्या हातावर. समुद्राकाठच्या संस्थेत त्याला हातावरची अक्षरं शिकवली होती. बोटाच्या एकेका पेरावर एकेक अक्षर. नुसतं टेकवलं की एक, चिमटीत धरलं की दुसरं. त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असलेली बहीण ओरिएत्ता त्याला आणायला बसने जायची, आणि येता-जाता त्या प्रवासातच तीही ती अक्षरं शिकली. पुढची चव्वेचाळीस वर्षं तिची बोटं त्याच्या तळव्यावर नाचत राहिली. लग्न झालं, नवरा गेला, ती परत बापाच्या घरी राहायला आली, पण हे बोलणं कधी तुटलं नाही. इतरांना तोंडाने जमणार नाही इतकं भरभर ती हाताने बोलायची. रविवारी चर्चमध्ये पाद्री प्रवचन देत असला की ती ते त्याच्या हातावर उतरवायची, वर आपल्या पदरची मल्लिनाथी घालायची, आणि नेमकं नरकाचं वर्णन चाललेलं असताना नेनो खो-खो हसायचा. भांडणंही हातावरच व्हायची. फार राग आला की नेनो हात काढून खिशात घालायचा. ते त्याचं दार आपटणं.

तो हात एका नोव्हेंबरात गेला.

ऑलिव्ह उतरवायचे दिवस होते. टेकडीवर बापाने लावलेली एक्केचाळीस झाडं होती. खाली जाळी पसरायची आणि लांब काठीने फांद्या हलवून फळं पाडायची. नेनोला हे काम फार आवडायचं. फांदी हलली की फळं सुटल्याचा थरथराट काठीतून त्याच्या हातात यायचा. "पाऊस पडतोय, ओरिए!" असं तो ओरडायचा. काठी ॲल्युमिनियमची होती, ओढली की सहा मीटर व्हायची. सगळ्यात वरच्या झाडावरून विजेची तार जायची, म्हणून बाप त्या झाडाला काठी कधी लावू द्यायचा नाही, शिडीवर चढून हाताने काढायचा. पण त्या दिवशी तेलाच्या घाण्यावर तीनची पाळी मिळाली होती, ढग भरून आले होते, आणि वरचं झाड फळांनी वाकलं होतं. ओरिएत्ताने नेनोला कोपराला धरून तिथे नेलं.

"तार कुठाय?" त्याने विचारलं.

तिने वर न बघता त्याच्या तळव्यावर ठोकलं, 'लांब'. आणि ती जाळीचं टोक ओढायला वळली.

तो जगला. पाच आठवडे इस्पितळात होता. डावा हात कोपराच्या खाली चार बोटं ठेवून कापावा लागला. उजवा राहिला, पण नुसता हातमोजा लटकावा तसा. बोटं आत वळलेली, मनगटापुढे काही कळत नव्हतं. पहिल्यांदा शुद्धीवर आला तेव्हा त्याने विचारलं, "कोण आहे? ओरिए?" उत्तर द्यायला जागाच नव्हती. थोड्या वेळाने तो त्याच सपाट आवाजात म्हणाला, "मी मेलोय का? मेलो असेन तर कुणीतरी नीट सांगा." तेव्हा ओरिएत्ताने त्याच्या छातीवर बोटाने मोठमोठी अक्षरं काढली. शाळेत नऊ वर्षांपर्यंत शिकला होता, अक्षरं ओळखीची होती. 'जिवंत' एवढा शब्द पोचायला चार वेळा लिहावं लागलं.

घरी आल्यावर पाठीवर लिहायचं ठरलं. गालावर, कपाळावर, उजव्या दंडावर, सगळीकडे करून पाहिलं, पण पाठ त्यातल्या त्यात बरी. एकेक अक्षर काढायचं, थांबायचं, पुसल्यासारखा हात फिरवायचा, मग दुसरं. शब्द पुरा होईपर्यंत पहिलं अक्षर त्याच्या मनातून निसटायचं. 'औषध', 'जेवण', 'डॉक्टर' एवढं व्हायचं. पण पाद्रीची गंमत पाठीवर लिहून कशी सांगणार? भिंतीवर घोषणा रंगवाव्यात तसं ते बोलणं. नेनो म्हणायचा, "बैलाशी बोलतात तसं बोलतेस तू आता. हो, थांब, वळ."

त्या दिवशीचं त्याला काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला, "वरच्या झाडाचा हट्ट मीच धरला असणार. तू नको म्हणाली असशील. बरोबर ना?"

ओरिएत्ताने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीच लिहिलं नाही. तो 'हो' समजला.

पुढच्या हिवाळ्यात संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी एक पत्ता दिला. पर्वतापलीकडच्या शहरात काही लोक असा यांत्रिक हात बनवत होते की ज्याला स्पर्श कळतो. ओरिएत्ता चार तास गाडी हाकत नेनोला घेऊन गेली. तिथले प्रोफेसर कावालिएरी उंच, हडकुळे आणि सरळ माणूस होते. त्यांनी काही लपवलं नाही. दंडातल्या दोन नसांमध्ये केसाहून बारीक धागे शिवायचे. हाताच्या बोटांत दाब कळणारे तुकडे. बोट दाबलं की धाग्यातून विजेचा बारीकसा झटका नसेला, आणि मेंदूला वाटतं, नसलेल्या हाताला कुणीतरी शिवलं.

"पण बाई, एक नीट समजून घ्या," ते म्हणाले. "हा इलाज नाही, प्रयोग आहे. परवानगी सहा महिन्यांची आहे. त्यानंतर धागे काढावेच लागतात. चाललं तरी आणि नाही चाललं तरी."

हे नेनोच्या पाठीवर लिहायला तिला अख्खी दुपार लागली. 'वीज' हा शब्द पोचला तेव्हा तो हसत सुटला. "आधी विजेनेच नेला, आता तीच परत करणार? चिमूटचिमूट? लाज वाटली असेल तिला." मग एकदम गंभीर होऊन त्याने विचारलं, "सहा महिने तू बोलशील माझ्याशी?"

प्रोफेसरांनी याचा विचारच केला नव्हता. त्यांचा हात अंडं न फोडता उचलण्यासाठी होता.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. दंडातून एक बारीक वायर बाहेर आली, ती कमरेच्या पेटीला जोडली. पुढची तपासणी करायची ती नोएमी नावाची तिशीतली इंजिनिअर मुलगी. ती एकेका धाग्यातून वीज सोडायची आणि नेनोने सांगायचं काय वाटलं ते.

"मुंग्या," नेनो म्हणायचा. "अजून मुंग्या. आता गार पाणी. आता कुणीतरी भाजतंय, बंद कर, पोरी! लग्न झालंय का तुझं? नसेल तर होणार नाही, सांगून ठेवतो."

अकराव्या दिवशी तो बोलता बोलता थांबला. "इथे टेकवलं कुणीतरी," तो हळूच म्हणाला. "मधल्या बोटाच्या टोकाला. माझ्या मधल्या बोटाच्या." आणि जिथे ते बोट असायला हवं होतं त्या रिकाम्या जागेकडे त्याने तोंड वळवलं.

महिनाभरात अशा अकरा जागा सापडल्या. मग यांत्रिक हात बसवला आणि खेळ सुरू झाले: हा स्पंज, हा लाकडी ठोकळा, हा चेंडू, ओळख पाहू. नेनो कंटाळून जायचा. "शेहेचाळीस वर्षं मी जगाला चाचपतोय, आणि ही मला स्पंज शिकवते!"

अशाच एका कंटाळवाण्या सकाळी ओरिएत्ता शेजारी बसली होती. नोएमी कागदं आणायला उठली. यांत्रिक हात टेबलावर उताणा पडलेला होता. का कोण जाणे, ओरिएत्ताची बोटं आपोआप तिकडे गेली आणि जुन्या जागी जुन्या सवयीने चालू लागली.

नेनो ताठ झाला.

"थांब. कोण आहे? हे कोण बोबडं बोलतंय?"

अकराच जागा, त्याही थोड्या सरकलेल्या. त्यामुळे अक्षरांची खिचडी पोचत होती. पण बोलणं आहे हे त्याने ओळखलं. दारात उभ्या नोएमीने हातातली कागदं तिथेच ठेवली. "बाई, पुन्हा करा," ती म्हणाली. "काय करत होतात ते पुन्हा करा, मला सांगत सांगत करा."

चिमटा काही केल्या कळत नव्हता, त्याला तोड नोएमीने काढली. जागा अकरा, एक आखूड ठोका, एक लांब. म्हणजे बावीस. इटालियन मुळाक्षरं एकवीस. "एक उरलं," ती म्हणाली. नेनोला हे कळल्यावर त्याने ते उरलेलं हसण्यासाठी राखून ठेवायला लावलं. नवीन जागा पाठ करायला त्याला नऊ दिवस लागले. पंचावन्न वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा झोपेतही अक्षरं पुटपुटायचा.

पहिलं वाक्य काय बोलायचं, याचा ओरिएत्ताने रात्रंदिवस विचार केला होता. दीड वर्षाचं साठलेलं होतं. शेवटी प्रत्यक्षात तिच्या बोटांनी ठोकलं ते एवढंच, 'भूक लागली?'

नेनोने तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मग तो म्हणाला, "लागली ना. कधीची लागलीये."

मार्चअखेर हात आणि पेटी घेऊन ती दोघं घरी आली. नोएमी पंधरा दिवसांनी येऊन तपासून जायची. पेटीला एक मोठं बटण होतं. ते फिरवलं की वीज कमी-जास्त व्हायची. त्यावर उठावाची निळी खूण होती, त्यापलीकडे जायचं नाही. उजव्या हाताच्या वाकड्या बोटात अडकवून नेनोला ते फिरवता यायचं आणि पेटी तोंडाशी नेऊन ओठांनी चाचपली की खूण कळायची.

तो वसंत त्यांनी गप्पांत घालवला. पहिल्यासारखा वेग नव्हता, सायकल चालवणाऱ्याने काठी टेकत चालावं तसं होतं, पण बोलणं होतं. औषधवाल्याची बायको कुणाबरोबर पळाली, चुलतभावाने नवी गाडी कुठल्या खांबावर घातली, सगळी दीड वर्षाची बाकी तिने भरून काढली. नेनो ऐकायचा, मध्येच ओरडायचा, "खोटं! शपथ घे!" आणि ओरिएत्ता राखून ठेवलेला तो बाविसावा ठोका द्यायची.

एक गोष्ट तेवढी ती रोज उद्यावर टाकायची. आज नको, आज स्वारी खुशीत आहे. आज नको, आज खचलाय. संध्याकाळी अंगणात बसून तो म्हणायचा, "गप्प का झालीस?" ती ठोकायची, 'दमले.'

मेअखेरीस करंगळीची जागा मंद झाली. आधी लांब ठोका दिला तर कळायचं, मग तेही नाही. नोएमीने समजावून सांगितलं: शरीर त्या धाग्याला परका समजतं, त्याच्याभोवती साल धरतं, वीज नसेपर्यंत पोचत नाही. तिने खूण जरा पुढे सरकवली. जूनमध्ये अंगठ्याच्या मुळाची जागा गेली. एकेका जागेबरोबर दोन-दोन अक्षरं जात होती. ओरिएत्ता त्यांना वळसा घालून बोलायला शिकली. ज्या शब्दात गेलेलं अक्षर येतं तो शब्दच टाळायचा. 'द्राक्षं' म्हणता येईना तेव्हा ती 'वाइनची फळं' म्हणायला लागली. नेनो म्हणाला, "म्हातारी झाल्यावर कवयित्री व्हायला निघालीस." हसण्याचा ठोका ज्या जागेवर होता ती अजून शाबूत होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिने ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. मागच्या खेपेला नोएमी म्हणाली होती, सहा जागा नक्की, सातवी धड नाही. दुपारची वेळ होती. स्वयंपाकघरात ती शेंगा सोलत होती आणि तो टेबलापाशी बसला होता. तिने हात पुसले, त्याचा यांत्रिक हात ओढून घेतला आणि मनात कितीदा तरी घोटलेलं, गेलेली अक्षरं टाळून बेतलेलं वाक्य ठोकायला सुरुवात केली. 'त्या दिवशी तू विचारलंस तार कुठे. मी वर पाहिलं नाही. मी म्हटलं लांब. तू हट्ट केला नाहीस. चूक माझी.'

एवढ्याला दहा मिनिटं लागली असतील. नेनो मान डोलवत होता. त्याच्या वरच्या ओठावर घाम साचला होता. ती थांबली तेव्हा तो मोकळेपणाने म्हणाला, "हो, हो. जाऊ या की. शनिवारी जाऊ."

ओरिएत्ताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा ठोकलं, फक्त शेवटचं. 'चूक माझी. चूक माझी.'

"अगं बरं म्हटलं ना! शनिवारी. सकाळी लवकर निघू, उन्हं चढायच्या आत."

तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. जबडा आवळलेला, मानेची शीर उभी. तिची नजर कमरेच्या पेटीवर गेली. बटण निळी खूण ओलांडून पार शेवटाला टेकलं होतं. तिने ते खटकन बंद केलं. नेनोचं सगळं अंग सैल पडलं, जड बोजा उतरवलेल्या हमालासारखं, आणि लगेच तो ओरडला, "बंद का केलंस? मी ऐकत होतो!"

ती उठून त्याच्या मागे गेली. किती महिन्यांनी तिने पाठीवर बोट टेकवलं. 'काय म्हटलं मी?'

तो वाकड्या बोटाने बटण शोधू लागला.

'काय म्हटलं?'

"बंदराचं काहीतरी," तो म्हणाला. "मासळी आणायला जायचं." मग खांदे पाडून, आवाज त्याच्या परीने बारीक करत म्हणाला, "नाही कळलं. तीन आठवडे झाले, काही कळत नाही. चार जागा असतील धड, बाकी नुसती आग. नोएमी विचारते तेव्हा अंदाजाने सांगतो, तिची क्रमाने विचारायची पद्धत पाठ झालीये मला."

ओरिएत्ताचं बोट पाठीवर तसंच राहिलं.

"ओरिए, तू बोलतेयस एवढं कळतं. काय ते नाही कळत. पण बोलतेयस हे कळतं ना? तेवढं पुरे आहे मला. कुणाला सांगू नकोस."

तिने लिहिलं, 'नाही सांगत.' मग शेंगांपाशी येऊन बसली आणि उरलेल्या सगळ्या सोलून काढल्या. पुन्हा ते वाक्य सांगायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि सांगायचं कुठे? पाठीवर? एकेक अक्षर, पुसत पुसत?

दोन दिवस तिने शब्द पाळला. ती ठोकायची, तो मान डोलवायचा. 'आज टोमॅटो काढले,' ती म्हणायची आणि तो म्हणायचा, "हो ना, फारच." बटण पुढे सरकलेलं तिला दिसायचं. ती बोलणं आखूड करायची, म्हणजे त्याला भाजायचं थांबेल, मग तो म्हणायचा, "बोल की. अजून बोल." असं कोंडीत सापडल्यावर माणसाने करायचं काय? बोलावं तर जळतो, न बोलावं तर झुरतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंग तापलं होतं. दंडातून वायर जिथे बाहेर येत होती तिथे लाल गोल उठला होता, मध्ये पिवळा ठिपका. ओरिएत्ताने तापमान पाहिलं, अडतीस आणि वर सात रेघा. फोन हातात घेऊन ती अंगणात गेली. तो ऐकू शकत नाही हे माहीत असूनही अंगणातच गेली.

नोएमी त्याच दुपारी आली. तिने बटण पाहिलं, दंड पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "किती दिवस?"

"मला परवा कळलं," ओरिएत्ता म्हणाली. "त्याने शपथ घातली होती."

"बाई, हे रक्तात उतरलं असतं तर..." नोएमी गाडीची किल्ली शोधू लागली.

इस्पितळात प्रोफेसर कावालिएरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "उद्याच काढू. थांबता येणार नाही."

"सगळे?"

"सगळे."

"चार जागा अजून धड आहेत म्हणतो तो. दोन धागे ठेवा. ताप उतरला की बघू. दोन जागांवर आम्ही भागवू. हो आणि नाही, एवढं तरी बोलता येईल."

"ठेवता येत नाहीत, बाई. जंतू धाग्यावरूनच आत जातात. आणि प्रयोग तर तसाही तीन आठवड्यांत संपत होता."

"मग तीन आठवडे तरी!" ती एकदम मोठ्याने म्हणाली. बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी वळून पाहिलं. "तुम्ही मला ऑगस्टपर्यंत सांगितलं होतंत. मी त्याला ऑगस्ट सांगितला होता."

प्रोफेसर खाली बघत राहिले. शिकलेला, मोठा माणूस, पण त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं आणि ते तो लपवत नव्हता. "तीन-चार वर्षांत नव्या तऱ्हेचे धागे येतील," ते शेवटी म्हणाले. "शरीर त्यांना इतकं झिडकारणार नाही, असं वाटतं. पहिलं नाव तुमच्या भावाचं लिहून ठेवतो."

"तो साठीला येईल तोवर," ओरिएत्ता म्हणाली.

नेनोला तिने पाठीवर लिहून सांगितलं. 'उद्या काढणार. ताप.' तो म्हणाला, "तू सांगितलंस."

तिने लिहायला बोट टेकवलं.

"दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. तूच सांगितलंस. माझा हात, माझी आग, तुझं काय जात होतं?" खोलीतल्या दुसऱ्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "आयुष्यात एकदा तुला म्हटलं, सांगू नकोस. एकदा!" आणि तो मागे सरकला, पाठ भिंतीला घट्ट टेकवून बसला. आता लिहायला जागा नव्हती. ओरिएत्ता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. संध्याकाळी नर्सने येऊन सांगितलं, भेटीची वेळ संपली.

धागे दुसऱ्या दिवशी निघाले. निघताना नोएमी पार्किंगपर्यंत आली. तिने नेनोला मिठी मारली, तो म्हणाला, "ही बारकी कोण? इंजिनिअर? अगं, जेवत जा जरा." ती रडत होती हे त्याला कळलं नाही आणि कुणी कळवलंही नाही.

राग काही फार दिवस राहिला नाही. राग धरायलाही समोरचं माणूस उत्तर देणारं लागतं. आठवड्याने त्याने आपणहून खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली आणि पाठ तिच्याकडे केली. ओरिएत्ताने लिहिलं, 'माफ कर.' तो म्हणाला, "अंघोळीचं पाणी तापलंय का ते सांग."

पण तो बदलला. बोलायचा अजूनही, पण पूर्वी जसे प्रश्नावर प्रश्न यायचे, कोण आलं, काय म्हणाला, मग ती काय म्हणाली, ते थांबलं. हळूहळू त्याने विचारणंच सोडलं. स्वतःच विचारायचा, स्वतःच उत्तर द्यायचा. "पाऊस येणार. येऊ दे." संस्थेतून एक शिक्षक आठवड्यातून दोनदा यायला लागले. गुडघ्यावर आणि खांद्यावर थापा मारून करायच्या सतरा-अठरा खुणा त्यांनी शिकवल्या: ऊठ, बस, पायरी, गरम, थांब. नेनो ते आज्ञाधारकपणे शिकला. शिक्षक खूश होते. त्या वर्षी ऑलिव्हची झाडं ओरिएत्ताने शेजाऱ्याला अर्ध्या वाट्याने देऊन टाकली आणि त्या टेकडीकडे ती फिरकली नाही.

ऑक्टोबरातली गोष्ट. दुपारी दोघं जेवायला बसली होती. ती त्याला सूप भरवत होती. एकाएकी त्याने मान वर केली. पायाखालची फरशी थरथरत होती.

"काय चाललंय बाहेर?" त्याने विचारलं. दोन महिन्यांतला पहिला प्रश्न.

ओरिएत्ता चमचा टाकून खिडकीशी धावली आणि परत आली. सांगायला केवढं तरी होतं. अकरा वर्षं अर्ज करून करून शेवटी रस्त्यावर डांबर पडत होतं. रोलर आला होता. फोटो काढून घ्यायला नगराध्यक्ष पांढरी पँट घालून आले होते आणि त्यांचा एक बूट डांबरात असा रुतला होता की दोन माणसं त्यांना काखेत धरून ओढत होती आणि बूट काही सुटत नव्हता. पाद्री दारात उभा राहून तोंडावर रुमाल धरून हसत होता. ती नेनोच्या मागे उभी राहिली आणि तिने 'रस्ता' लिहायला घेतलं. पहिलं अक्षर. पुसलं. दुसरं. पुसलं. तो मान तिरपी करून वाट पाहत होता. तिसरं काढताना तिचा हात घाईने घसरला.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिने पुन्हा काढलं. पुसलं. चौथं सुरू केलं.

"राहू दे," नेनो म्हणाला. "सूप गार होतंय."

तिने शब्द तरीही पुरा केला. तो पोचला की नाही, तिला कळलं नाही. मग तिने चमचा उचलला. नेनोने तोंड उघडलं. रोलर पुढे गेला तशी फरशीची थरथर कमी होत गेली.